नात्याचा रकाना

घरी त्याला बारकू म्हणत आणि केंद्रात सर. बेचाळिशी उलटली होती, डोक्यावरच्या केसांनी कानांपर्यंत माघार घेतली होती, तरी मोठ्या भावाच्या तोंडी तो बारकूच होता. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा आणि दादा सोळाचा. दादानं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं, आणि कागद कारखान्यात लगद्याच्या हौदापाशी जाऊन उभा राहिला. बारकू शिकला, डिप्लोमा झाला. त्याच्या ड्रॉइंगच्या तासाला लागणारा लाकडी बोर्ड दादानं मोडक्या खोक्यांच्या फळ्या तासून घरीच बनवला होता. इतका बेमालूम की मास्तरांनी विचारलं, कुठल्या दुकानातून आणलास? बारकूनं एका मोठ्या दुकानाचं नाव ठोकून दिलं. त्या दिवशी ते खोटं त्याला खुपलं नाही.

केंद्र म्हणजे पाणी शुद्ध करायचं आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करायचं काम शिकवणारी शाळा. एका जुन्या पंपघरात ती भरायची. खाली खोलून ठेवलेले पंप नि वॉल्व्ह, वर दोन वर्ग आणि एक प्रयोगशाळा. तिथं बारकू बारा वर्षं शिकवत होता, आणि चांगलं शिकवत होता. त्या वर्षी सरकारी खात्यानं केंद्राला मोठा निधी दिला. कारखाने बंद पडून घरी बसलेल्या माणसांना सहा महिने फुकट शिकवायचं, वर दरमहा विद्यावेतन द्यायचं. नवी शुद्धीकरण केंद्रं उभी राहत होती आणि ती चालवायला माणसं नव्हती, म्हणून. जागा चोवीस, अर्ज तीनशेच्या वर. लोकांचा पैसा म्हटल्यावर नियमही तसेच कडक. निवड तिघांनी करायची: केंद्रप्रमुख बाई, खात्याचा एक अधिकारी आणि प्रशिक्षकांपैकी बारकू.

आता या ठिकाणी बारकूच्या दुसऱ्या एका खोट्याबद्दल सांगायला हवं. त्याची सुरुवात अगदी किरकोळ झाली होती. नोकरीला लागला त्या आठवड्यात डबा खाताना कोणीतरी विचारलं, ‘‘भाऊ काय करतात तुमचे?’’

‘‘कागद कारखान्यात आहे.’’

‘‘मॅनेजर वगैरे का?’’

तोंडात घास होता. बारकूनं नुसती मान हलवली. पुढं त्या मानेला तोंड फुटलं. बारा वर्षांत दादा मीटिंगांना जाऊ लागला, त्याला कंपनीची गाडी मिळाली, एकदा तर तो कारखान्याच्या कामानं परदेशीही जाऊन आला. खरा दादा या काळात गुडघाभर गमबूट घालून हौदात दांडा फिरवत होता आणि त्याच्या बोटांची कातडी कायम भिजून पांढरी पडलेली असायची. कारखाना बंद पडल्याची बातमी आली तेव्हा केंद्रप्रमुख बाईंनी काळजीनं विचारलं, ‘‘सर, तुमच्या भावाचा तोच ना हो?’’

‘‘हो मॅडम, पण त्याची आधीच दुसरीकडे सोय झालीय,’’ बारकू म्हणाला.

मुलाखतींच्या दुसऱ्या दिवशी, चौदाव्या नंबरला, दार ढकलून दादा आत आला.

अंगात इस्त्रीचा निळा शर्ट होता, बारकूनंच दोन वर्षांपूर्वी घेतलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. टेबलामागच्या तिघांकडे बघून त्यानं नमस्कार केला, आणि तिसऱ्या माणसापाशी त्याची नजर थबकली. ‘‘बा...’’ एवढं तोंडातून निघालं आणि मग त्याला जोराचा खोकला आला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

‘‘बसा, काका. घाबरू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी एक औपचारिक प्रश्न. अर्जात एक रकाना आहे. निवड समितीतल्या कोणाशी तुमचं नातं आहे का?’’

नियम साधा होता. उमेदवाराशी नातं असेल तर समितीतल्या माणसानं तसं सांगायचं आणि तेवढी मुलाखत होईपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. दहा मिनिटं. आदल्याच दिवशी खात्याच्या अधिकाऱ्याची मेव्हणी आली होती, तेव्हा तो हसत उठून गेला होता आणि बाहेर चहा पिऊन परत आला होता. कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

बारकूला फक्त उठायचं होतं. ‘‘हा माझा मोठा भाऊ,’’ एवढं म्हणायचं होतं. पण मग बाई विचारणार, कुठला भाऊ? मॅनेजर? ते परदेशी गेलेले? त्यानं समोरचा कागद उचलला आणि तो वाचतोय असं दाखवलं.

दादानं त्याच्याकडे बघितलं. पुरता एक क्षणसुद्धा नसेल. मग तो बाईंकडे वळला.

‘‘नाही, मॅडम. कोणी नाही.’’

‘‘मग इथं ‘नाही’ लिहा आणि सही करा.’’

दादानं सही केली. सही करताना तो नेहमी जीभ दातांत धरायचा, तशीच धरली होती.

अधिकाऱ्यानं विचारलं, ‘‘या वयात पुन्हा वर्गात बसायला जमेल?’’

‘‘बसायला काय साहेब, पस्तीस वर्षं उभाच होतो.’’

अधिकारी मोठ्यानं हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, पाण्यातलं काय कळतं?

‘‘कारखान्याचं घाण पाणी बाहेर सोडायच्या आधी एका टाकीत थांबवायचे,’’ दादा म्हणाला. ‘‘तिथला माणूस रजेवर गेला की मला पाठवायचे. पाणी बिघडलं की आधी वास बदलतो, मग रंग. मला आकडे नाही सांगता येणार, मॅडम. पण पाणी बरं नाही, एवढं कळतं.’’

‘‘तुम्हाला काही विचारायचंय, सर?’’ बाईंनी बारकूला विचारलं.

‘‘नाही,’’ बारकू म्हणाला.

दहापैकी गुण द्यायचे होते. बाईंनी आठ दिले, अधिकाऱ्यानं नऊ. बारकूनं पाच दिले. पक्षपात नको, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मुलाखती त्याच दिवशी संपल्या आणि लगेच यादी लागली, तेव्हा चोवीस जणांत दादाचा नंबर तेविसावा होता.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

‘‘काय रे बारक्या, ओळख विसरलास का?’’ दादा खो खो हसत होता. ‘‘अरे, तू तिथं बसलेला असशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं! म्हटलं निवडीला खात्याची माणसं असतात.’’

‘‘अर्ज केलास ते सांगायचं तरी.’’

‘‘सांगितलं असतं तर तू शिफारस केली असतीस. ती नको होती मला. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं मेलो! आता माझ्या पायी याची नोकरी जाते. म्हणून दिलं ठोकून, नाही म्हणून. बरोबर केलं ना?’’

खरं सांगायची ही दुसरी संधी होती, आणि पहिलीपेक्षा कितीतरी सोपी. खोलीत कोणी नव्हतं. तिकडे फक्त दादा होता.

‘‘हो,’’ बारकू म्हणाला. ‘‘जरा अवघडच झालं असतं.’’

‘‘बघ! मला वाटलंच होतं. आता तिथं मी तुला ओळखत नाही नि तू मला. तुझ्या वहिनीलाही बजावून ठेवतो. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.’’

वर्ग सुरू झाले. दादा दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसायचा. पहिल्या दिवशी हजेरी घेताना बारकूनं त्याचं नाव उच्चारलं आणि दादा उठून उभा राहिला. ‘‘हजर, सर.’’ बारकूच्या हातातलं पेन निसटून टेबलाखाली गेलं. ते शोधायला तो वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला.

दादा मनापासून शिकत होता. प्रयोगशाळेत सहा चंचुपात्रांत गढूळ पाणी घेऊन, प्रत्येकात कमीजास्त तुरटी घालून ते ढवळायचं आणि कशात गाळ लवकर धरतो ते बघायचं, हे त्याला फार आवडायचं. ढवळायच्या यंत्राच्या काड्या थांबायच्या आधीच तो सांगायचा, ‘‘चौथं जिंकणार.’’ आणि चौथंच जिंकायचं. खाली कार्यशाळेत तो पंपाच्या अंगावर तळहात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘‘याचं बेअरिंग महिनाभर काढेल, जास्त नाही.’’ शिलाई कारखान्यातून आलेली एक बाई होती, वर्ग तिला टेलरताई म्हणायचा. ती दादाला हिशेब समजावायची आणि दादा तिला पाना धरायला शिकवायचा. जेवणाच्या सुट्टीत दोघांभोवती निम्मा वर्ग जमायचा, आणि दादा हौदात पडलेल्या फोरमनची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवायचा. बारकू वरच्या मजल्यावरून ते हसणं ऐकायचा. तो खाली जात नसे.

हिशेब मात्र दादाला जमेना. आणि बारकूच्या मनात चोर होता. आपण दादाला सवलत देतोय असं कोणाला वाटू नये म्हणून तो दुसऱ्या टोकाला गेला. इतरांना दोनदा समजवायचा, दादाला एकदाच. इतरांच्या वहीवर हसून खूण करायचा, दादाच्या वहीवर लाल रेघ मारायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा त्यानं फळ्यावर गणित घातलं. रोजचं वीस लाख लिटर पाणी, लिटरला तीन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचंय, ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन शंभरात तीस. तर पावडर किती? दादाला पुढं बोलावलं. दादानं खडू धरला, सहा किलोपर्यंत बरोबर आला आणि मग भागायच्या जागी गुणाकार केला. उत्तर लिहिलं, एक किलो आठशे ग्रॅम.

‘‘एक किलो आठशे?’’ बारकूचा आवाज चढला. ‘‘वीस किलो हवी तिथं तुम्ही दोन किलोसुद्धा टाकत नाही! अख्खं गाव आजारी पडेल. तीन महिने काय झोपा काढता का इथं? तुमच्या या जागेसाठी बाहेर शेकडो माणसं रांगेत होती, याची काही लाज?’’

दादाच्या हातातला खडू तसाच होता.

‘‘चुकलंच माझं, सर,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा करतो.’’

मागून टेलरताई उठली. ‘‘सर, चूक दाखवा, पण असं बोलू नका. वयानं मोठे आहेत ते तुमच्यापेक्षा.’’

‘‘बसा तुम्ही,’’ बारकू म्हणाला. ‘लाज’ हा शब्द आपल्या तोंडून कसा गेला, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. संध्याकाळी त्यानं दादाला फोन लावला, वाजायच्या आत बंद केला. दादाचाच आला.

‘‘ते वीस किलोचं समजलं बरं का,’’ दादा म्हणाला. ‘‘भागायचं होतं. टेलरताईनं समजावलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिथं तुला सर व्हावंच लागतं.’’

पाचव्या महिन्यात केंद्राचे कारकून त्याच्या टेबलाशी आले. सगळे त्यांना नाना म्हणत. निवृत्तीला वर्ष राहिलेला, सरळ, सावकाश माणूस.

‘‘सर, एक गंमत दाखवू?’’ नाना म्हणाले. ‘‘खात्याला पाठवायची यादी करत होतो. निधीचा शेवटचा हप्ता आहे ना. तर हे तेविसावे काका. आडनाव तुमचंच.’’

‘‘आमच्या आडनावाची माणसं पोत्यानं आहेत, नाना.’’

‘‘तेच म्हटलं मी. पण वडिलांचं नावही तुमच्याच वडिलांचं.’’

‘‘असतं एकेकाचं.’’

‘‘असतं,’’ नानांनी मान डोलावली. मग चष्मा काढून पुसला. ‘‘पण सर, कायमचा पत्ताही तोच आहे. तुमच्या सर्व्हिस बुकात आहे तो. घर नंबरासकट.’’

बारकू यादीतल्या त्या ओळीकडे बघत राहिला.

‘‘मी कोणाला बोललो नाही,’’ नाना म्हणाले. ‘‘पण खात्याची माणसं पत्ता न् पत्ता ताडून बघतात. यादी परवा जाणार. त्याआधी तुम्ही मॅडमना भेटलात तर बरं, एवढंच सांगायला आलो.’’

बारकू बाईंच्या दारापर्यंत गेला. आत दिवा होता, त्या फोनवर बोलत होत्या. तो माघारी फिरला, जिन्याखाली गेला आणि दादाला फोन लावला.

‘‘दादा, तुझ्या सासुरवाडीचा पत्ता असलेलं एखादं कागदपत्र आहे का? अर्जात पत्ता बदलून द्यावा लागेल. उद्याच्या उद्या.’’

‘‘का रे?’’

बारकूनं सांगितलं.

‘‘म्हणजे अजून एक खोटा कागद,’’ दादा म्हणाला.

‘‘एकच, दादा. शेवटचा.’’

‘‘बघतो,’’ दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिपाई बोलवायला आला. बाईंच्या खोलीत दादा खुर्चीशेजारी उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नसावा. त्याच्या पायाशी केंद्रानं दिलेली पिशवी होती. तीत गमबूट, हेल्मेट, पुस्तकं, सगळं नीट भरलेलं.

‘‘सर,’’ बाई म्हणाल्या, ‘‘हे सांगतायत की हे तुमचे सख्खे भाऊ आहेत. अर्जात खोटं लिहिलं म्हणून स्वतःहून कबूल करायला आलेत.’’

‘‘यात सरांचा काही दोष नाही, मॅडम,’’ दादा घाईघाईनं म्हणाला. ‘‘त्यांनी मला ओळखलंच नाही.’’

‘‘सख्ख्या भावाला?’’

‘‘बरीच वर्षं भेट नव्हती. आणि मुलाखतीच्या दिवशी... माझी दाढी होती.’’

‘‘मी होते तिथं. दाढी नव्हती तुमची.’’

पस्तीस वर्षं लगदा ढवळणाऱ्या त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि तो जिवाच्या आकांतानं बोलत होता. ते बघवत नव्हतं.

बाईंनी बारकूकडे वळून विचारलं, ‘‘तुम्ही ओळखलं नाहीत यांना?’’

बारकूची नजर पिशवीतल्या गमबुटांवर खिळली होती. दादा त्याच्याकडे बघत नव्हता. उघड्या दारातून पलीकडच्या कार्यशाळेकडे बघत होता.

‘‘ठीक आहे,’’ बाई थंडपणे म्हणाल्या. ‘‘तुमचा तास सुरू झालाय. जा तुम्ही.’’

आणि बारकू गेला. खरोखर गेला, जिना चढून वर्गात गेला आणि हजेरीचं पुस्तक उघडलं. एकेक नाव घेत तेविसाव्यापर्यंत आला. दुसऱ्या बाकावर भिंतीकडची जागा रिकामी होती. ‘‘काका कुठायत, सर?’’ टेलरताईनं विचारलं. ‘‘सकाळी माझ्याआधी आले होते.’’ खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर दादा बसच्या थांब्याकडे चालला होता, रिकाम्या हातांनी. शर्ट तोच, निळा.

बारकूनं पुस्तक मिटलं आणि जिना उतरला. बाईंच्या खोलीत न विचारता शिरला आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मुलाखत, फोनवरचं ‘हो’, पाच गुण, काल मागितलेला खोटा पत्ता. मॅनेजरचंही सांगितलं. गाडी, परदेश, सगळं. सांगताना त्याचे कान तापले होते, आणि एवढं सांगूनही हलकं वगैरे काही वाटत नव्हतं.

बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, ‘‘माझे वडील गटार साफ करायचे, सर. तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं होतं. केंद्रात सगळ्यांना माहीत आहे.’’

बारकूला माहीत नव्हतं. बारा वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं.

‘‘त्यांचा प्रवेश मला रद्द करावाच लागेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सही त्यांची आहे. तुमचं काय करायचं ते खातं ठरवेल. पण वर्गाला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगा. आत्ता.’’

बारकूनं सांगितलं. तेवीस माणसं ऐकत होती. कोणी बारकूच्या नजरेला नजर देईना. एक जण वहीत उगाच रेघा मारत राहिला. टेलरताई म्हणाली, ‘‘त्या दिवशी फळ्याजवळ तुम्ही सख्ख्या भावाला...’’ आणि पुढचं तिनं गिळलं. तिनं पुरतं बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं बारकूला वाटलं.

दुपारी तो दादाच्या घरी गेला. दोन खोल्यांचं घर, दारात चपला. वहिनीनं दार उघडलं. ती या घरात आली तेव्हा बारकू नुकता हायस्कूलला गेला होता. परीक्षेच्या दिवसांत त्याला पहाटे उठवायचं काम तिचंच होतं.

‘‘हे शेजाऱ्यांची मोटर बघायला गेलेत,’’ ती म्हणाली. ‘‘बस. तुझी नोकरी तरी वाचली ना रे? सकाळपासून एकच धोशा लावलाय, बारकूची वाचली पाहिजे, बारकूची वाचली पाहिजे.’’

‘‘वहिनी, माझी नोकरी जाणारच नव्हती.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नातं सांगितलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. मी फक्त दहा मिनिटं खोलीबाहेर जाऊन बसायचं होतं. दादाची निवड तशीही झाली असती. दुसऱ्या दोघांनी त्याला भरपूर गुण दिले होते.’’

वहिनी हातातलं फडकं घेऊन तशीच खाली बसली. आणि तेव्हा बारकूला दिसलं, दादा दारात उभा होता. हातात पाना, कोपरापर्यंत काळं तेल. त्यानं सगळं ऐकलं होतं.

‘‘म्हणजे मी उगाच खोटं लिहिलं?’’ दादानं विचारलं.

बारकूनं मान खाली घातली.

‘‘मग मी फोनवर विचारलं तेव्हा हो का म्हणालास?’’

‘‘दादा...’’

‘‘नाही, सांग. मला समजत नाहीये म्हणून विचारतोय. नोकरी जाणार नव्हती, माझी जागा जाणार नव्हती. मग अडचण काय होती?’’

‘‘मला लाज वाटली.’’

‘‘कशाची?’’

आता कुठं पळायला जागा नव्हती. ‘‘तुझी,’’ बारकू म्हणाला. ‘‘मी तिथं सांगितलं होतं की तू मॅनेजर आहेस.’’

दादा रागावला असता, हात उगारला असता, तर बारकूनं मुकाट मार खाल्ला असता. दादानं पाना सावकाश खिडकीत ठेवला. आपल्या हातांकडे बघितलं, आधी तळवे, मग उलटे करून. मग नळाशी जाऊन त्यानं हात धुवायला घेतले. खूप वेळ धूत राहिला. तेल निघून गेलं तरी धूत होता.

‘‘पाच महिने मी तिथं तुला सर म्हणत होतो,’’ पाठमोराच तो म्हणाला. ‘‘मला वाटायचं, मी याला सांभाळतोय.’’

शेवटी वहिनी उठली आणि तिनं दाराजवळच्या बारकूच्या चपला पायानं सरळ करून ठेवल्या. ‘‘बस मिळेल तुला अजून,’’ ती म्हणाली. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बारकू थांब्यावर उभा राहिला, दोन बस सोडल्या आणि तिसरीत चढला.

खात्याची चौकशी महिनाभर चालली. बारकूच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद लागली, निवड समितीतून नाव गेलं आणि त्याची बदली फिरत्या पथकात झाली. म्हणजे एक गाडी, तीत सगळी उपकरणं, आणि लहान लहान गावांतल्या शुद्धीकरण केंद्रांवर जाऊन तिथल्या माणसांना शिकवायचं. दादाच्या बाबतीत अधिकाऱ्यानं शिफारस लिहिली की उमेदवारानं स्वतःहून कबुली दिली आहे, तरी त्याला पुढच्या तुकडीत नव्यानं अर्ज करू द्यावा. दादानं आधी साफ नकार दिला. मग एका रविवारी टेलरताई आणि आणखी चौघं जण त्याच्या घरी गेले, राहिलेल्या महिन्याच्या वह्या उतरवून घेऊन. त्यांनी काय समजावलं कोण जाणे, पण दादानं अर्ज केला, बस बदलत दोन तासांवर असलेल्या दुसऱ्या केंद्रात. तिथं तो पहिल्यापासून शिकला, हिशेबासह, आणि परीक्षेत सातवा आला. नव्या सांडपाणी प्रकल्पावर त्याला नोकरी लागली. यातलं बारकूला दादाकडून काहीच कळलं नाही. कधी नानांकडून कळलं, कधी वहिनी फोनवर दोन वाक्यं बोलायची त्यातून.

बारकू गावोगाव फिरत होता. नवीन माणसं भेटायची, चहाच्या वेळी घरची चौकशी व्हायची. ‘‘भाऊ काय करतात?’’ कोणी विचारलं की तो सांगायचा, सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर आहे, आधी कागद कारखान्यात कामगार होता. माणसं ‘‘अच्छा’’ म्हणायची आणि दुसऱ्या विषयाकडे वळायची. एवढं सोपं होतं ते. दर वेळी त्या सोपेपणानंच त्याची मान खाली जायची.

दीड वर्षानं एका सकाळी तो गाडीत उपकरणं लावत होता, तेव्हा फोन वाजला. दादाचा होता.

‘‘एक विचारायचं होतं,’’ दादा म्हणाला. मागं पाणी घुसळल्याचा आवाज येत होता. ‘‘हवा सोडायच्या टाकीवर फेस धरलाय. दोन दिवस झाले, जात नाहीये. पाण्याचा फवारा मारून बघितला.’’

‘‘पांढरा आहे का?’’

‘‘नाही. तपकिरी. साईसारखा जाड, काठाला चिकटून बसतो.’’

‘‘गाळ किती दिवसांत काढला नाहीये?’’

दादानं सांगितलं. आकडेही सांगितले, अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, टाकीत किती आहे, रोज किती बाहेर जातो. एकही आकडा चुकला नाही. बारकूनं कागद घेऊन ते उतरवले. वीसेक मिनिटं दोघं बोलत होते. गाळ म्हातारा झालाय, रोज थोडा थोडा जास्त काढत जा, एकदम नको, नाहीतर टाकीत काम करायला जीवजंतूच उरणार नाहीत. दादा मधेमधे ‘‘हं’’ म्हणत होता.

‘‘वहिनी कशी आहे?’’ शेवटी बारकूनं विचारलं.

‘‘बरी आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘ठेवतो. राउंडची वेळ झाली.’’

तीन दिवस बारकूनं कळ काढली. चौथ्या दिवशी त्यानंच फोन लावला, आणि दादा उचलेपर्यंत तो रिंगा मोजत राहिला.

‘‘गेला का फेस?’’

‘‘अर्धा गेला,’’ दादा म्हणाला. ‘‘बघतोय.’’